शुद्धिपत्राला चोरी म्हणू नका

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या खिडकीशी बसून गेम खेळत होते. चव्वेचाळीस वर्षांच्या, उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने हे कबूल केलं की अर्धी स्टाफरूम तिथेच हसते. उरलेल्या अर्ध्यात आमचे कॉम्प्युटरचे सर होते. त्यांनी वाकून माझ्या हातातल्या छोट्या पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा गेम जपानी आहे ना? मग इंग्रजीत कसा?" मी म्हटलं, "चाहत्यांनी तर्जुमा केलाय." सर म्हणाले, "म्हणजे चोरीचा." आणि ते निघून गेले. त्यांच्या काखेत एका प्रकाशनाचं दहावीचं अख्खं गाइड होतं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत झेरॉक्स केलेलं, स्पायरल बाइंडिंगसकट.

घंटा झाली म्हणून मी गप्प बसले. पण संध्याकाळी लेकीने, ती आठवीत त्याच शाळेत आहे, भाकरी खाताखाता विचारलं, "अम्मी, सर म्हणाले ते खरं आहे का?" आता हिला काय सांगायचं? आमच्या घरात "दुसऱ्याचा हक मारला" हे शब्द फार जड आहेत. माझे अब्बा रेशनच्या दुकानात चुकून दोन रुपये जास्त आले तर परत द्यायला चालत जायचे. त्यामुळे सरांना टोमणा मारून मला सुटता येणार नाही. नीट उत्तर द्यावं लागेल, आणि जिथे माझी बाजू लंगडी आहे तिथे ती लंगडी आहे असंही सांगावं लागेल.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या, कारण निम्मे लोक न समजताच निकाल देतात.

जपानमध्ये एक गेम निघतो. त्यातलं सगळं लेखन जपानीत असतं. कंपनीला वाटतं की हा बाहेर खपणार नाही, म्हणून दुसऱ्या कुठल्याच भाषेत तो येत नाही. मग जगात कुठेतरी दोनचार माणसं एकत्र येतात. एकाला जपानी येतं, एकाला त्या जुन्या यंत्राच्या पोटातली भाषा येते, एकाला अक्षरं काढता येतात. नोकरी सांभाळून, रात्री जागून ते त्या गेममधलं वाक्य न् वाक्य शोधतात आणि इंग्रजी करतात. हे काम झालं की ते गेम वाटत नाहीत. ते एक छोटी फाइल देतात, तिला पॅच म्हणतात. त्या फाइलीत फक्त फरक असतात: अमुक ठिकाणी अमुक होतं, त्याऐवजी तमुक. मूळ गेम तुमच्याकडे नसेल तर ती फाइल निव्वळ रद्दी.

मराठी वाचकाला ही चीज नवी नाही. जुन्या पुस्तकांच्या शेवटी एक पान असायचं: पान १४, ओळ ३, "असे नसून असे वाचावे". शुद्धिपत्र. नुसतं शुद्धिपत्र वाचून कुणाची कादंबरी वाचून होत नाही. पॅच म्हणजे हजारो ओळींचं शुद्धिपत्र, एवढंच.

आणि ते करणं किती किचकट असतं! जपानी मजकूर कमी जागेत मावतो. एका चौकोनी घरात एक अक्षर, आणि त्यातल्या एका कांजी अक्षरात अख्खा शब्द बसतो. इंग्रजी शब्द लांब. जुन्या गेममध्ये एका ओळीला किती घरं हे ठरलेलं, आणि मोजक्या मेमरीत एक अक्षरही जास्त मावत नाही. म्हणून या लोकांना अक्षरांची घरंच बदलावी लागतात, म्हणजे "i" ला कमी जागा आणि "m" ला जास्त जागा मिळेल अशी. त्यासाठी कंपनीच्या प्रोग्रॅमरने पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, कुठलीही वही-टिपण हाताशी नसताना, नुसता उलगडत बसायचं. आमच्याकडे शिलालेख वाचणाऱ्याला विद्वान म्हणतात. या मुलांना चोर म्हणतात.

मी खेळत होते तो गेम म्हणजे "मदर ३". हा २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रासाठी आला. लिहिला शिगेसातो इतोई यांनी. ते जाहिरातींचे मजकूर लिहिण्यासाठी जपानमध्ये नावाजलेले, म्हणजे मुळात शब्दांचे माणूस. गोष्ट एका बेटावरच्या गावाची आहे. त्या गावात पैसा ही वस्तूच नाही. लोक एकमेकांच्या घरी दार न ठोठावता जातात. ल्यूकस आणि क्लॉस ही जुळी भावंडं, फ्लिंट हा बाप, हिनावा ही आई. पहिल्याच प्रकरणात आई मरते. लहान मुलांचा समजला जाणारा गेम, आणि पहिल्या तासाभरात बाप आगटीतलं लाकूड उचलून गावकऱ्यांवर धावून जातो, इतका तो दुःखाने बेभान झालेला. मग वर्षं जातात. गावात पैसा येतो, "सुखाची पेटी" नावाचा एक चमकणारा डबा घरोघरी येतो, लोक त्याच्यासमोर बसून राहतात, आणि ज्यांच्या घरी डबा नाही त्यांच्या घरावर वीज पडायला लागते. हे मी आमच्या मोहल्ल्यात डोळ्यांनी बघितलेलं आहे. वीज सोडून.

हा गेम अमेरिकेत आलाच नाही. निन्टेन्डोचं पुढचं यंत्र, डीएस, २००४ सालीच बाजारात आलं होतं; जुन्या यंत्रासाठी एवढा बोलका गेम इंग्रजीत आणणं कंपनीला परवडणारं वाटलं नसावं. त्याच्या आधीचा "मदर २" १९९५ मध्ये "अर्थबाउंड" या नावाने अमेरिकेत आला होता आणि त्यावर जीव टाकणारी एक पिढी तिथे होती. त्यांनी सह्या गोळा केल्या, पत्रं पाठवली, वाट बघितली. काही झालं नाही. मग "स्टारमेन डॉट नेट" या चाहत्यांच्या मंडळातल्या माणसांनी स्वतःच कंबर कसली. त्यांचा म्होरक्या क्लाइड मॅन्डेलिन हा काही हौशी पोरगा नव्हता. जपानी ॲनिमेचे इंग्रजी अनुवाद करणं हा त्याचा रोजीरोटीचा धंदा. १७ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा पॅच बाहेर आला. फुकट. पुढे २०१३ मध्ये मॅन्डेलिनने जाहीर सांगितलं की कंपनीला हवं असेल तर माझा सगळा अनुवाद विनामोबदला घ्या, वापरा, बदला. कंपनीने घेतला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये "मदर ३" निन्टेन्डोच्या स्विच यंत्राच्या वर्गणीदारांसाठी पुन्हा उपलब्ध झाला. फक्त जपानमध्ये.

म्हणजे एक माणूस दाराशी येऊन सांगतोय की तुमच्या मळ्यातलं पाणी मी माझ्या खर्चाने गावापर्यंत आणलंय, हा पाट तुम्हीच घ्या. मालक दार उघडत नाही, आणि गावातला शहाणा म्हणतो, बघा, पाणीचोर.

माझ्या या म्हणण्यावर तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, "एवढी हौस आहे तर जपानी शिका." हे मला भाषेच्या शिक्षकांनीच ऐकवलंय म्हणून जास्त लागतं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही, माझा भाचा त्यातलाच, आणि शिकावं, जरूर शिकावं. पण हा सल्ला तुम्ही आणखी कुणाला देता का? बीएडला आम्ही सगळ्यांनी "तोत्तोचान" वाचलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक आम्ही मराठीत वाचलं, रडलो, आणि त्यावर परीक्षेत उत्तरं लिहिली. आमच्या प्राचार्यांनी "आधी जपानी शिकून या" असं म्हटलं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या त्या इंग्रजीवरून. अरबी न शिकताच महाराष्ट्राच्या चार पिढ्या सिंदबादबरोबर जहाजावर चढल्या. उर्दूचं तर विचारूच नका. "तिलिस्म-ए-होशरुबा" लिहिणारे लखनौचे दास्तानगो सांगायचे की आम्ही हे फारसीवरून उतरवतोय, आणि फारसीत असलं काही नव्हतंच. त्यांनी ते स्वतःच रचलेलं. उर्दू गद्याचा पाया तर्जुम्यावर उभा आहे, कुठे खऱ्या, कुठे खोट्या. एक भाषा शिकायला आयुष्यातली चारपाच वर्षं जातात. एका माणसाला आयुष्यात किती भाषा शिकता येतील? बाकीच्या जगाशी तो अनुवादानेच बोलणार.

दुसरं उत्तर, "तो कंपनीचा माल आहे, आणायचा की नाही ते कंपनी ठरवेल." हे उत्तर खरं वजनदार आहे, आणि कायदाही बव्हंशी याच बाजूचा आहे. अनुवाद करण्याचा हक्क मूळ मालकाचा, हे आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही आहे. पण त्याच कायद्याचं कलम ३२ वाचलंय कुणी? मी वाचलं, त्याचं कारण पुढे सांगते. ते म्हणतं की एखादी साहित्यकृती किंवा नाट्यकृती प्रसिद्ध होऊन सात वर्षं उलटली, आणि मालकाने तिचा त्या भाषेत अनुवाद प्रसिद्ध केलेला नसला, किंवा केलेला संपलेला असला, तर कुणीही माणूस अर्ज करून अनुवादाचा परवाना मागू शकतो. मालकाला रॉयल्टी द्यायची, आधी त्याची परवानगी मागून बघायची, वगैरे अटी आहेत. परदेशी पुस्तक शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी हवं असेल तर मुदत आणखी कमी. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की मालकी वेगळी आणि गोष्ट कुलपात ठेवून तिला कुजू देणं वेगळं. मी वकील नाही, आणि या कलमाने गेमचा पॅच कायदेशीर ठरतो असं माझं म्हणणं नाही. मी एवढंच म्हणते की "मालकाने नाही म्हटलं की विषय संपला" हे आपल्या कायद्यालाही मान्य नाही.

आता खुद्द जपानचं ऐका. जपान १८९९ मध्ये कॉपीराइटच्या बर्न करारात सामील झाला. अनुवादाच्या बाबतीत त्याने एक सवलत पकडून ठेवली: परदेशी पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर दहा वर्षांत त्याचा जपानी अनुवाद अधिकृतपणे निघाला नाही, तर अनुवादाचा हक्क संपला, कुणीही करावा. ही सवलत जपानने एकदोन वर्षं नाही, दशकानुदशकं वापरली. १९७० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांना तो नियम तिथे आजही लागू धरतात. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन साहित्य जपानी घराघरांत पोचलं, त्यात या नियमाचा वाटा आहे. आणि ते वाचून मोठ्या झालेल्या समाजानेच पुढे हे गेम लिहिले. मला यात जपानची निंदा करायची नाही, उलट कौतुकच वाटतं. वाचायला भुकेल्या देशाने असाच नियम करावा. पण दहा वर्षांचं ते माप "मदर ३" ला लावलं तर २०१६ मध्ये हिशेब संपतो. आपलं सात वर्षांचं लावलं तर २०१३ मध्येच.

इथे माझी बाजू लंगडी आहे ते सांगते. पॅच आला २००८ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत. दहाही नाही, सातही नाही. चाहत्यांना धीर नव्हता. मला असता का? ठाऊक आहे, नसता.

तिसरं उत्तर देणारे सगळ्यांत हुशार. ते म्हणतात, "अनुवादाचं ठीक आहे हो, पण मूळ गेम लोक कुठून आणतात ते बोला." बोलते.

दीड वर्षापूर्वी मी हे हातात मावणारं चिनी बनावटीचं यंत्र घेतलं, साडेपाच हजारांना. खोक्यातच एक मेमरी कार्ड आलं आणि त्यात हजारो गेम ठासून भरलेले. ते कुणी भरले, कुणाच्या परवानगीने? कुणाच्याच नाही. आमच्या लहानपणी भाईजानच्या टीव्ही गेमच्या कॅसेटवर "९९९९ इन १" लिहिलेलं असायचं आणि आत पंधरावीस गेमच उलटसुलट फिरत असायचे, त्याच खानदानातली ही चीज. त्या जुन्या कॅसेटमध्ये कधीकधी एखादा जपानी गेम निघायचा. पडद्यावर अनोळखी अक्षरं भराभर यायची, मी वहीत ती उतरवून घ्यायची, आणि भाईजान म्हणायचा, "क्या लिखरी गे, बटन दबा." मला वाटायचं, हे लोक काहीतरी महत्त्वाचं सांगतायत आणि मला ते कळत नाही. तो सल इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे.

तर ते कार्ड मी पुसलं. मोठं पुण्य केलं अशातला भाग नाही. पुसण्याआधी दोन रात्री मी त्यातले गेम खेळले आहेत, आणि हेही लेकीला सांगितलं आहे. भाचा कंपनीकडून टोकियोला गेला होता, त्याला सांगून अकिहाबारातल्या जुन्या मालाच्या दुकानातून "मदर ३" ची कॅसेट मागवली. कॅसेट वाचून तिची फाइल करणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते घेतलं. त्या फाइलीला पॅच लावला. एवढी यातायात करून मी साव झाले का? दुकानदाराने ती कॅसेट कुणा जपानी माणसाकडून जुनी विकत घेतलेली. मी दिलेल्या पैशांतला एक येनही निन्टेन्डोला किंवा इतोईंना गेला नाही. तरी ही वाट लोकांना सभ्य वाटते आणि पॅच करणारा मात्र चोर वाटतो. मला नवा, इंग्रजी, अधिकृत "मदर ३" पूर्ण किमतीला द्या, मी उद्या घेते. द्या तरी!

खरे गुन्हेगार या धंद्यात आहेत, आणि ते पॅच करणारे नाहीत. फुकटचा पॅच नकली कॅसेटमध्ये घालून, वर रंगीत लेबल चिकटवून ती विकणारे आहेत. अनुवादकांनी रात्री जागून केलेलं काम, इतोईंनी लिहिलेला मजकूर, दोन्हींवर डल्ला. चोर म्हणायचं तर यांना म्हणा. जे एक पैसा घेत नाहीत त्यांना आणि यांना एका दावणीला बांधू नका.

बरं, कंपन्यांना दुसरा रस्ताच नव्हता असंही नाही. निहोन फाल्कॉम या जपानी कंपनीचा "झीरो नो किसेकी" हा गेम २०१० मध्ये पीएसपी या हातातल्या यंत्रावर आला. इंग्रजीत नाही. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने त्याचा अनुवाद पुरा केला. इतका चांगला की अमेरिकेतल्या प्रकाशक कंपनीने, एनआयएस अमेरिकाने, त्यांच्याशी करार करून तोच अनुवाद घेतला, त्यावर काम केलं आणि २०२२ मध्ये "ट्रेल्स फ्रॉम झीरो" या नावाने गेम अधिकृतपणे विकायला काढला. पुढच्या वर्षी त्याचा उत्तरार्धही आला. चाहत्यांनी आपला फुकटचा पॅच काढून घेतला. सगळ्यांचं भलं झालं. याला मी शहाणपण म्हणते. कॅपकॉमने निराळा रस्ता धरला. त्यांचा कोर्टकचेरीचा एक गेम, "एस ॲटर्नी इन्व्हेस्टिगेशन्स" चा दुसरा भाग, डीएसवर २०११ मध्ये आला, चाहत्यांचा पॅच २०१४ मध्ये, आणि कंपनीचा स्वतःचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये. तेरा वर्षं! आणि इतक्या वर्षांनी तो घ्यायला लोक उरले होते, त्याचं एक कारण ती गोष्ट मधल्या काळात कुणीतरी जिवंत ठेवली होती. चाहत्यांच्या अनुवादामुळे बाजार मरतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मला समजावून सांगावा.

आता नवं पालुपद निघालंय: फोनचा कॅमेरा पडद्यापुढे धरा, मशीन लगेच भाषांतर करून देतं, कशाला हवेत हे लोक? मी करून बघितलं. जपानी वाक्यात कर्ता बऱ्याचदा नसतोच. कोण गेलं, कुणाला म्हटलं, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मशीन मग अंदाजाने "तो" नाहीतर "ती" ठोकून देतं. आईच्या मरणाच्या प्रसंगात मशीनने आईला "तो" केलं तेव्हा मी फोन पालथा ठेवला.

इंग्रजी अनुवादकाला निदान "मी" म्हटलं की भागतं. आपल्या भाषांची अडचण त्याहून मोठी आहे. या गेममध्ये कुमातोरा नावाची राजकन्या आहे. ती स्वतःला "ओरे" म्हणते. जपानीत "मी" साठी अनेक शब्द, आणि त्यातला हा रांगड्या पुरुषांचा. इंग्रजीत तो मेला. तिथे तिच्या बोलण्यात थोडा उद्धटपणा घालून वेळ निभावून न्यावी लागते. मराठीत? मराठीत "मी जाते" की "मी जातो" हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. उर्दूतही तेच, "जाती हूँ" की "जाता हूँ". "जातो" लिहिलं तर वाचक म्हणेल मुद्रणदोष आहे, "जाते" लिहिलं तर कुमातोरा गेली. मी आणि लेक यावर दोन दिवस भांडलो. मग तीच म्हणाली, "अम्मी, आपल्या वर्गात ती कोल्हापूरहून आलेली मुलगी आहे ना, ती 'मी येतो' म्हणते." खरंच की! कोल्हापूरकडच्या बायका सर्रास "मी जातो, मी करतो" म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. आमच्या वहीत कुमातोरा कोल्हापूरची झाली. कुठल्या मशीनला हे सुचेल?

वही म्हणजे खरीखुरी वही, दोनशे पानी. मायलेकी मिळून पहिल्या प्रकरणाचे संवाद मराठीत लिहितोय. त्याचा पॅच होणार नाही. देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, उकार त्या चौकोनी घरांत बसवायला कुणीतरी फार मोठा कारागीर लागेल. उर्दूचा नस्तालीक तर उजवीकडून डावीकडे आणि वर तिरका उतरणारा, त्याचं नावच नको. आम्ही करतो ते आमच्यासाठी. गावातली माणसं फ्लिंटला कसं हाक मारतील यावर सध्या गाडी अडलीय. लेक म्हणते "फ्लिंटकाका". मी म्हणते, बरोबरीचे लोक आहेत, "फ्लिंटभाऊ" म्हणतील. आणि घरात दखनी चालत असेल तर "फ्लिंटभाई". हा वाद मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा जी मुलं निबंधाला तोंड उघडत नाहीत ती अर्धा तास तावातावाने बोलत होती. आदरार्थी बहुवचनाचा याहून चांगला पाठ मी वीस वर्षांत घेतलेला नाही.

कलम ३२ मी का वाचलं ते सांगायचं राहिलं.

माझ्या कपाटात आणखी एक वही आहे. २०११ मध्ये मी एका उर्दू कथासंग्रहाचा मराठी तर्जुमा पुरा केला. नऊ कथा. लेखिका हयात नाहीत, पुस्तक १९९० नंतर लवकरच आलेलं, आता कुठे मिळतही नाही. त्यातल्या बायका मराठी मुलखातल्या आहेत, त्यांची दुःखं मराठी आहेत, फक्त त्या उर्दूत बोलतात. मी प्रकाशकांना परवानगीसाठी पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. कुणाच्या तरी ओळखीने फोन लावला, तर पलीकडून "देखते हैं" म्हणाले. नकार दिला असता तरी चाललं असतं. नकार नाही, होकारही नाही. मी अदब राखली, वही कपाटात ठेवली, आणि मनात स्वतःची पाठ थोपटली की बघ, तू दुसऱ्याच्या हकाला हात लावला नाहीस.

"मदर ३" च्या शेवटी अंधारलेल्या पडद्यावर गेममधली माणसं खेळणाऱ्याशी थेट बोलतात. गेममध्ये आधी कुठेतरी तुमचं स्वतःचं नाव विचारून घेतलेलं असतं, त्या नावाने ती हाक मारतात, आणि तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना असं विचारतात. रात्री साडेबाराला, घरात सगळे झोपलेले असताना, माझं नाव रोमन अक्षरांत त्या चार बोटांच्या पडद्यावर आलं. मॅन्डेलिनच्या माणसांनी अदब राखून वही कपाटात ठेवली असती तर ते आलं नसतं. तेव्हा पहिल्यांदा मला त्या नऊ कथांतल्या बायकांची लाज वाटली. चौदा वर्षं त्या माझ्या कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांच्या वासात, आणि मी त्याला सचोटी म्हणत होते.

म्हणून कॉम्प्युटरच्या सरांना माझं उत्तर असं, की सर, हक दोन असतात. एक लिहिणाऱ्याचा, तो मी मानते, त्याचे पैसे द्यायला तयार आहे. दुसरा त्या गोष्टीचा स्वतःचा, वाचली जाण्याचा. पहिल्याची राखण करताकरता दुसरा मारला जातो तेव्हा त्याबद्दल कुणी पोलिसात जात नाही, म्हणून तो गुन्हा नाही असं समजू नका. आणि तुमच्या त्या झेरॉक्स गाइडबद्दल आपण निवांत बोलू. चहा माझ्याकडून.

लेकीला मी काय सांगितलं? हेच, एवढंच लांबवर. ती म्हणाली, "म्हणजे थोडं चोरीचं आहे आणि थोडं नाही." मी म्हटलं, हो. मग तिने विचारलं, "मग तुझ्या वहीचं काय?"

परवा मी प्रकाशकांना चौथं पत्र टाकलं, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवली आहे. यात पहिल्यांदाच कलम ३२ चा उल्लेख आहे, रॉयल्टी किती द्यायला तयार आहे तो आकडा आहे, आणि उत्तर नाही आलं तर परवान्यासाठी अर्ज करणार असं साफ लिहिलं आहे. आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी मसुदा तपासून दिला, फी घेतली नाही. पहिल्या कथेची टायपिंग लेक करते आहे. तिला माझे उकार लागत नाहीत, दर दोन मिनिटांनी हाक मारते.